मेमरी कार्डाचा इतिहास : नखाएवढ्या दफ्तराची गोष्ट

थ्रेड.

१/
आमच्या घरी कपाटातल्या एका रिकाम्या काडेपेटीत कापसात गुंडाळलेले मायक्रोएसडी कार्ड आहे. त्यावर ‘३२ जीबी’ असे छापले आहे. २०१४ च्या दिवाळीच्या सुटीत, मी आठवीत असताना, वडिलांच्या फोनवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, त्या याच कार्डावर. एकूण ३७ ध्वनिमुद्रणे. आज कार्ड संगणकाला जोडले की ३७ च्या ३७ नावे यादीत दिसतात. वाजतात मात्र ११ च.

२/
उरलेल्या २६ ओव्यांचे काय झाले, हा प्रश्न मी बरीच वर्षे टाळला. आजी २०१७ साली गेली. पुढे इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात साधनांची चिकित्सा शिकू लागले, तेव्हा ध्यानात आले की आपण ताम्रपट, शिलालेख आणि मोडी कागद यांची चिकित्सा करतो. पण आपल्या स्वतःच्या काळाचे साधन कसे घडले, ते किती विश्वसनीय आहे, हे विचारत नाही. आजच्या थ्रेडचा विषय तोच : मेमरी कार्ड. शेवटी त्या २६ ओव्यांकडे परत येऊ.

३/
आरंभ १९६७ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. दावॉन कांग आणि सायमन स्झे या दोन संशोधकांनी ट्रान्झिस्टरच्या आत एक अधांतरी थर बसवला. त्याच्या चहूबाजूंना विद्युतरोधक आवरण. दार नसलेली खोलीच म्हणा. जास्त दाबाची वीज लावली की इलेक्ट्रॉन भिंतीतून आत ढकलले जातात, आणि वीज गेली तरी आतच अडकून राहतात. खोली भरलेली की रिकामी, यावरून शून्य वा एक वाचायचे. आजच्या कार्डांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

४/
या तत्त्वातच एक किंमत दडलेली आहे. इलेक्ट्रॉनांना भिंतीतून दामटून नेताना दर वेळी ती भिंत किंचित झिजते. आणि भिंत कितीही जाड असली तरी आतला भार अत्यंत मंद गतीने पाझरतच असतो. झीज आणि पाझर हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. थ्रेडच्या उत्तरार्धात ते पुन्हा लागतील.

५/
१९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी या तत्त्वावर पुसता येणारी चिप सिद्ध केली. पण पुसायची कशी? चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असे. चिप उपकरणातून काढून तिच्यावर काही मिनिटे अतिनील प्रकाश टाकावा लागे, आणि मग सारेच पुसले जाई. नंतर विजेने पुसता येणाऱ्या चिपा आल्या. त्यांत एकेक अक्षर वेगळे पुसता येई. मात्र त्यासाठी प्रत्येक कप्प्याला जास्त जागा लागे, म्हणून त्या महाग पडत.

६/
ही कोंडी फोडली जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी. त्यांची युक्ती एका त्यागावर उभी होती. एकेक अक्षर वेगळे पुसण्याची सोय सोडून द्यायची आणि एक मोठा गट एकदम पुसायचा. पाटीवरचे एक अक्षर खोडण्याऐवजी सगळी पाटी ओल्या फडक्याने पुसावी, तसे. सोय कमी झाली, पण कप्पा लहान झाला आणि चिप स्वस्त झाली.

७/
१९८० च्या सुमारास त्यांनी पेटंटसाठी अर्ज केले आणि १९८४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत हे संशोधन मांडले. ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी. क्षणार्धात सारे पुसले जाण्याची ही क्रिया पाहून त्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. गंमत पाहा : ज्या तंत्राचे नाव कॅमेऱ्यावरून पडले, त्याच तंत्राने पुढे कॅमेऱ्यातील फिल्मचा रोळ हद्दपार केला. आणि हे नाव साठवण्यावरून पडलेले नाही, पुसण्यावरून पडलेले आहे!

८/
१९८७ साली मासुओकांच्या चमूने पुढची रचना मांडली : नँड फ्लॅश. आधीच्या रचनेत प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र जोडणी होती. आता कप्पे आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडले गेले. हव्या त्या डब्यात थेट चढता येईना. पण तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक डबे मावू लागले. एकेक सूचना शोधून वाचणाऱ्या यंत्राला ही रचना गैरसोयीची. छायाचित्रे आणि गाणी ओळीने साठवायला मात्र अगदी योग्य.

९/
मासुओकांच्या वाट्याला काय आले? १९९४ साली तोशिबा सोडून ते तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००४ साली त्यांनी आपल्या शोधाचा योग्य मोबदला मिळावा म्हणून जुन्या कंपनीविरुद्ध दावा लावला. मागणी होती १०० कोटी येनची. २००६ साली तडजोड झाली ती ८ कोटी ७० लाख येनवर. तोवर फ्लॅश हा जगड्व्याळ उद्योग झाला होता.

१०/
फ्लॅशपूर्वी कार्डच नव्हते असे मात्र नाही. १९८८ साली फुजीने ‘डीएस-१पी’ हा डिजिटल कॅमेरा दाखवला. त्यात २ मेगाबाइटचे कार्ड होते आणि त्यावर पाच ते दहा छायाचित्रे मावत. पण ती स्मृती विजेवर जगणारी. कार्डाच्या पोटातील बॅटरी संपली की छायाचित्रेही संपली. विजेवाचून टिकणारे कार्ड का हवे होते, हे या एका उदाहरणावरून कळते.

११/
त्याच १९८८ साली कॅलिफोर्नियात एली हरारी, जॅक युआन आणि आपल्या कानपूरचे संजय मेहरोत्रा या तिघांनी ‘सनडिस्क’ ही कंपनी स्थापन केली. (१९९५ साली ती ‘सँडिस्क’ झाली.) हरारींना एक गोष्ट पुरती ठाऊक होती : फ्लॅशचे कप्पे झिजणार, काही तर जन्मतःच सदोष असणार. त्यामुळे निर्दोष चिपची वाट पाहण्यापेक्षा सदोष चिप सांभाळून घेणारा कारभारी नेमावा, हे त्यांचे सूत्र.

१२/
हा कारभारी म्हणजे कंट्रोलर, कार्डातच बसवलेला एक छोटा संगणक. कोणता कप्पा खराब आहे, कोणता फार झिजला आहे, कोणता मजकूर प्रत्यक्षात कुठे ठेवला आहे, याची वही तो ठेवतो. कॅमेरा वा फोन कप्प्यांशी थेट बोलत नाही, या कारभाऱ्याशी बोलतो. ‘तुझ्याकडे जागा किती?’ या प्रश्नाचे उत्तरही तोच देतो. कारभारी प्रामाणिक असेल, हे मात्र गृहीत धरावे लागते.

१३/
१९९४ साली सँडिस्कने ‘कॉम्पॅक्टफ्लॅश’ आणले. ४३ × ३६ मिलिमीटर, जाडी ३.३ मिलिमीटर, एका कडेला ५० छिद्रे. आत कंट्रोलर असल्यामुळे यंत्राला ते नेहमीच्या हार्ड डिस्कसारखेच भासे. व्यावसायिक छायाचित्रकारांनी हे कार्ड पुढे वीसेक वर्षे वापरले. नवे, मोठे कार्ड आले तरी जुना कॅमेरा पुष्कळदा ते स्वीकारी, कारण आतील गुंतागुंत कारभारी झाकून घेई.

१४/
१९९५ साली तोशिबाने उलट वाट धरली. ‘स्मार्टमीडिया’ कार्डात कारभारीच नव्हता. नुसती चिप, पातळ प्लास्टिकमध्ये. जाडी १ मिलिमीटरपेक्षाही कमी. स्वस्त आणि सुबक. पण कप्पे सांभाळण्याचे काम कॅमेऱ्यावर पडले, आणि जुन्या कॅमेऱ्याला नव्या, मोठ्या कार्डाची रचना उमगेना. १२८ मेगाबाइटवर ही जात खुंटली आणि काही वर्षांत बाजारातून नाहीशी झाली.

१५/
मग जणू वतनदाऱ्यांचा काळ आला. १९९७ साली सँडिस्क आणि सीमेन्स यांचे ‘मल्टिमीडियाकार्ड’. १९९८ साली सोनीची लांबट ‘मेमरी स्टिक’. २००२ साली ऑलिंपस आणि फुजीफिल्मचे ‘एक्सडी’. प्रत्येकाची खाच वेगळी, कार्ड वेगळे. ज्या घरात सोनीचा कॅमेरा, त्या घरी मेमरी स्टिक घेणे भागच. वीसेक वर्षांपूर्वीच्या घरातील ड्रॉवर उघडला तर या वतनांचे अवशेष आजही सापडतील.

१६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा. या जुन्या कार्डांवरची माहिती कदाचित शाबूत असेलही, पण ती वाचणारे यंत्र कुठे आहे? मोडीच्या बाबतीत आपण हे अनुभवतोच : कागद ठणठणीत, शाई काळीभोर, वाचणारा मात्र मिळत नाही. फरक एवढाच की मोडी शिकायला काही महिने आणि चिकाटी पुरते. वाचकयंत्र नाहीसे झाले तर नुसत्या चिकाटीने ते परत येत नाही.

१७/
या भाऊबंदकीचा निकाल १९९९ च्या ऑगस्टमध्ये लागू लागला. मात्सुशिता (म्हणजे पॅनासॉनिक), सँडिस्क आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन ‘एसडी’ कार्ड जाहीर केले. ३२ × २४ × २.१ मिलिमीटर, वजन सुमारे २ ग्रॅम. लांबी-रुंदी मल्टिमीडियाकार्डाचीच ठेवली, जाडी थोडी वाढवली. २००० साली मानके ठरवणारी संघटना स्थापन झाली आणि ते तंत्र परवान्यासह इतरांना खुले झाले. मक्तेदारीपेक्षा मेळ फायद्याचा ठरला. २०१० साली खुद्द सोनीने एसडी कार्डांचा स्वीकार केला.

१८/
‘एसडी’चा विस्तार ‘सिक्युअर डिजिटल’, म्हणजे सुरक्षित डिजिटल. सुरक्षित कोणासाठी? १९९९ हेच नॅपस्टरच्या जन्माचे वर्ष. गाण्यांच्या फुकट देवघेवीने संगीत कंपन्या धास्तावल्या होत्या. एसडी कार्डात नकलप्रतिबंधाची व्यवस्था बसवली गेली ती त्यांना आश्वस्त करण्यासाठी. नावातील ‘सुरक्षा’ ही अशी हक्कदार कंपन्यांच्या मालाची. तुमच्या-आमच्या आठवणींशी तिचा संबंध नव्हता.

१९/
दोन छोट्या खुणा. एक : एसडीच्या बोधचिन्हातील ‘डी’ हे अक्षर चकतीसारखे का दिसते? तोशिबाने १९९० च्या दशकाच्या मध्यात ‘सुपर डेन्सिटी’ नावाच्या प्रकाशीय चकतीसाठी ते तयार केले होते. ती चकती मागे पडली, डीव्हीडी आली, आणि चिन्ह कार्डाला मिळाले. दोन : कडेची ‘लॉक’ची खिटी आतल्या कशालाही जोडलेली नसते. ती कुठे आहे हे कॅमेरा पाहतो आणि पाळतो, इतकेच. कॅसेटची टिकली मोडण्याचा प्रकार ज्यांना आठवतो, त्यांना हे नाते लगेच कळेल.

२०/
२००४ साली सँडिस्कने मोबाइलसाठी ‘ट्रान्सफ्लॅश’ आणले. २००५ साली तेच ‘मायक्रोएसडी’ या नावाने मानक झाले. १५ × ११ × १ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढे. नेमका याच सुमारास भारतात मोबाइल सर्वसामान्यांच्या हाती येत होता. संगणक नाही, इंटरनेट नाही, पण फोन आहे आणि त्यात कार्डाची खाच आहे, अशी कोट्यवधी घरे. कार्डाच्या इतिहासातील आपला अध्याय इथे सुरू होतो.

२१/
तालुक्याच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडसमोर, रिचार्जच्या दुकानावर हाताने लिहिलेली पाटी असे : ‘गाणी भरून मिळतील’. दहा-वीस रुपये द्यायचे, कार्ड काढून द्यायचे, दुकानदार संगणकावरून भक्तिगीते, लावण्या, कोळीगीते, भीमगीते, हिंदी चित्रपटांची गाणी भरून देई. संगीत कंपन्यांच्या रक्षणासाठी ‘सुरक्षित’ हे नाव घेऊन जन्मलेले कार्ड आपल्याकडे नकललेल्या गाण्यांचे सर्वांत मोठे वाहन ठरले!

२२/
कायद्याच्या दृष्टीने ते चूकच. पण सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्या कार्डांत काय होते, ते पाहा. गावातल्या जागरण-गोंधळाचे मुद्रण, वरातीच्या बँडचा आवाज, दिंडीतला अभंग, तमाशातील वग, बारशाचे धूसर फोटो. कोणत्याही ग्रंथालयाने ज्याची नोंद घेतली नाही असा ठेवा हातोहात फिरत होता. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, पाट्या उतरल्या आणि कार्डे ड्रॉवरमध्ये गेली. ती तिथेच आहेत, आणि त्यांतील भार पाझरतो आहे.

२३/
आता कार्डावरची अक्षरे वाचायला शिकू. तीही एक लिपीच आहे. नुसते ‘एसडी’ म्हणजे २ जीबीपर्यंत. ‘एसडीएचसी’ (२००६) म्हणजे ३२ जीबीपर्यंत. ‘एसडीएक्ससी’ (२००९) २ टीबीपर्यंत. ‘एसडीयूसी’ (२०१८) १२८ टीबीपर्यंत. नवे यंत्र जुने कार्ड वाचते. जुने यंत्र नवे कार्ड बहुधा वाचत नाही. जुना कॅमेरा वा वाचक घरी असेल तर कार्ड घेण्यापूर्वी ही खूण जुळवून पाहावी. एसडीएचसीवरील फाइल-रचनेत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. लांब चित्रीकरण तुकड्यांत का पडते, त्याचे हे एक कारण.

२४/
पुढची खूण वेगाची. इंग्रजी ‘सी’च्या पोटात १० असेल तर सलग लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला १० मेगाबाइट. ‘यू’च्या पोटात १ म्हणजेही १०, आणि ३ म्हणजे ३०. ‘व्ही३०’, ‘व्ही६०’, ‘व्ही९०’ यांचा अर्थ त्यांच्या आकड्यातच आहे. ‘ए१’, ‘ए२’ या खुणा फोनमधील ॲप कार्डावर चालवण्यासाठी. आणि ‘६००एक्स’ असे लिहिले असेल तर? तो एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, पहिल्या सीडी वाचकांचा वेग. जुने माप नव्या वस्तूवर टिकून राहिल्याचे हे सुरेख उदाहरण. किमान वेगाचे आकडे महत्त्वाचे. मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा कमाल वाचनवेगाचा असतो.

२५/
३२ जीबीचे कार्ड संगणकात २९.८ जीबी का दिसते? ही फसवणूक नव्हे. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मोजतो, आणि अनेक संगणक १०२४ च्या पटीत मोजतात. मापाचा फरक आहे, पायली आणि किलोच्या हिशेबासारखा. खरी फसवणूक निराळी असते. आणि तिच्यापाशीच आपण आजीच्या २६ ओव्यांकडे परत येतो.

२६/
आमचे कार्ड गावच्या जत्रेतील एका फिरत्या विक्रेत्याकडून स्वस्तात घेतलेले. कंट्रोलर, म्हणजे तो कारभारी, आपली जागा किती ते सांगतो, हे वर पाहिलेच. नकली कार्डात या कारभाऱ्याला खोटे बोलायला शिकवलेले असते. आत जागा ४ जीबी, सांगायची ३२. यंत्र विश्वास ठेवते. खरी जागा संपेपर्यंत सारे सुरळीत चालते. त्यानंतर जे लिहावे ते हवेत विरते, किंवा आधीच्या मजकुरावर पडते. तक्रार कोणीच करत नाही.

२७/
आमच्या कार्डावर दुकानातून भरलेली गाणी आणि दोन चित्रपट आधीच होते. खऱ्या जागेचा शेवटचा तुकडा आजीच्या पहिल्या ११ ओव्यांनी व्यापला. मग नावे ३७ कशी दिसतात? कारण फाइलींची यादी कार्डाच्या आरंभीच्या भागात लिहिली जाते, आणि तो भाग खरा होता. यादी शाबूत, मजकूर नाही. त्या सुटीत आम्ही पहिल्या दोन-तीन ओव्या ऐकून पाहिल्या आणि निर्धास्त झालो. सगळ्या ऐकल्या असत्या तर आजी तेव्हा समोरच बसलेली होती.

२८/
कार्ड अस्सल असते तर ओव्या कायमच्या राहिल्या असत्या का? तसेही नाही. सुरुवातीला एका कप्प्यात एकच बिट ठेवत. असा कप्पा सुमारे १ लाख वेळा पुसून लिहिता येई. स्वस्ताईसाठी एका कप्प्यात दोन, मग तीन, मग चार बिट कोंबले गेले. आतल्या भाराच्या सूक्ष्म पातळ्या ओळखायच्या, म्हणून थोडासा पाझरही घातक ठरतो, आणि पुनर्लेखनाची मर्यादा काही हजारांवर वा त्याहूनही खाली येते. उन्हात तापलेले, खूप वापरलेले आणि वर्षानुवर्षे विजेवाचून पडलेले कार्ड सर्वांत धोक्यात.

२९/
तुलनेसाठी पुण्याचे पेशवे दफ्तर आठवा. रुमालांत बांधलेले हातकागद अडीचशे वर्षांनंतरही वाचता येतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून ४५ खंड संपादित केले. कागदाला वाळवी लागली तर भोक दिसते, ओल लागली तर डाग दिसतो. अर्धे पत्र उरले तर अर्धे वाचता येते. कार्डाचा नाश मात्र बाहेरून दिसत नाही. चकचकीत प्लास्टिक जसेच्या तसे असते आणि आत काहीच नसते.

३०/
पण नुसत्या कागदाचे गोडवे गाणेही बरोबर नाही. अनेक वाड्यांतील दफ्तरे कागदावरच होती. ती बंबात गेली, रद्दीत गेली. जे टिकले ते कोणीतरी नकलून घेतले, छापले, एकाहून अधिक ठिकाणी ठेवले म्हणून. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांच्या १ लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या, काही ध्वनिमुद्रितही झाल्या. त्या आज लोकांसमोर आहेत, कारण त्या एकाच पेटीत राहिल्या नाहीत.

३१/
कार्डाचा सारा इतिहास पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. लहान हो, स्वस्त हो, चटकन पुसले जा, खिशात मावेल असा हो : प्रत्येक टप्प्यावर कार्डाकडून हेच मागितले गेले. शंभर वर्षे टिक, असे कोणी मागितलेच नाही. ते सांडणीस्वार आहे. पत्र वेळेवर पोहोचवणे हे त्याचे काम. दफ्तर सांभाळण्याचे काम आपण त्याच्यावर टाकले, ही चूक आपली.

३२/
म्हणून काही नियम, जे मी आता पाळते.
• कार्ड खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे. घेतल्याबरोबर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ यांसारख्या मोफत साधनाने ते पूर्ण भरून, पुन्हा वाचून तपासावे. वेळ लागतो, लागू द्यावा.
• फॉरमॅट ज्या कॅमेऱ्यात वा फोनमध्ये वापरणार त्यातच करावे, अर्थात आधी प्रत घेऊन.
• लिहिणे चालू असताना कार्ड ओढून काढू नये; यादीच बिघडते.
• चुकून काही पुसले गेले तर त्या क्षणी कार्ड वापरणे थांबवावे. बहुधा यादीतील नोंद पुसली जाते, मजकूर काही काळ उरतो आणि परत मिळवता येतो. नवे काही लिहिले की तो कायमचा जातो.

३३/
• महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे वा ऑनलाइन.
• प्रत घेतली म्हणजे काम झाले असे नाही. ती उघडून, शेवटपर्यंत ऐकून पाहावी.
• प्रत्येक मुद्रणासोबत एक कागद : कोण गाते, कुठे, केव्हा, कोणत्या गावची चाल. तारीख-वार नसलेल्या पत्राने संशोधकांची जी दैना होते, ती आपल्या नातवंडांची होऊ नये.

३४/
नाव आणि यादी यांचेही मोल कळले ते असे. ३७ फाइलींना मी तेव्हा ओवीच्या पहिल्या दोन-तीन शब्दांची नावे दिली होती. गेल्या दिवाळीत ती यादी घेऊन आत्याकडे गेले. नाव वाचले की आत्याला पुढची ओवी आठवे. २६ पैकी १९ ओव्या तिने म्हटल्या. सातांची नावेच उरली. मुद्रण थांबवल्यावर ती म्हणाली, “शब्द घे गं माझ्याकडून, पण तुझ्या आजीची चाल काही मला जमत नाही.” ते खरे आहे. शब्द परत आले, आजीचा आवाज त्या ११ फाइलींतच राहिला. त्यांच्या आता तीन प्रती आहेत.

३५/
मित्रहो, आज घरातला ड्रॉवर उघडा. जुने फोन, कॅमेऱ्याच्या पिशव्या, आईच्या शिवणाच्या डब्याचा तळ पाहा. जे कार्ड सापडेल त्यावर काहीही नवे न लिहिता आधी त्याची प्रत घ्या, आणि घरातील थोरांना शेजारी बसवून ती ऐका. काय सापडले ते खाली अवश्य लिहा. विशेषतः कोणाकडे गावच्या गोंधळाचे, भारुडाचे वा ओव्यांचे मुद्रण निघाले तर कळवा. त्याची नोंद कशी करावी, यावर पुढचा थ्रेड लिहीन.

(थ्रेड समाप्त)